लिहिता हात प्लास्टरमध्ये आणि पेपर तोंडावर

स्वतः लिहायचं की लेखनिक घ्यायचा, हे ठरवण्याआधी एक काम करा. जुनी प्रश्नपत्रिका घ्या, मोबाईलवर १५ मिनिटांचा टायमर लावा आणि परीक्षेत लिहिता तसं एक मोठं उत्तर लिहा. प्लास्टर, क्रेप बँडेज, स्लिंग, जे काही असेल ते अंगावर असू दे. टायमर वाजला की तीन गोष्टी बघा: शब्द किती झाले, शेवटच्या पाच ओळी घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचता येतात का, आणि पेन खाली ठेवल्यावर ठणका किती वेळात उतरला.

धडधाकट हात मिनिटाला साधारण २० शब्द लिहितो, म्हणजे १५ मिनिटांत ३०० च्या आसपास. तुमचे २०० भरले, अक्षर लागतंय आणि दहा मिनिटांत दुखणं उतरलं, तर स्वतः लिहा. १५० च्या आत असाल तर लेखनिकाच्या मागे लागा, त्यात कमीपणा काही नाही. मधल्यांनी अर्धा तास थांबून हीच चाचणी पुन्हा करायची. दुसऱ्या खेपेचा आकडा खरा, कारण पेपर १५ मिनिटांचा नसतो. पहिल्या खेपेला १८० आणि दुसऱ्या खेपेला ११० शब्द लिहिणारा हात अडीच तासांत काय करेल, ते लगेच कळतं.

उजवा हात गेला म्हणून डाव्याने लिहायचं, ही कल्पना बहुतेकांच्या डोक्यात येते. आठ-दहा दिवसांच्या सरावाने डाव्या हाताला वर्णनात्मक पेपर पेलत नाही. बहुपर्यायी पेपर असेल, नुसते गोळे काळे करायचे असतील, तर मात्र डावा हात पुरतो. उत्तरपत्रिका थोडी तिरकी धरायची आणि गोळा बाहेरून आत भरत जायचा.

काही दुखापतींत ही चाचणी करायचीच नाही. डोक्याला मार लागून उलटी झाली असेल, डोकेदुखी वाढत असेल, गुंगी येत असेल किंवा दोन-दोन दिसत असेल तर थेट कॅज्युअल्टी गाठा. पेपरला बसायचं की नाही हे तिथल्या डॉक्टरांनी सांगायचं, तुम्ही किंवा आईवडिलांनी नाही.

कागद: दाखला आणि अर्ज

परीक्षेच्या दिवशी जखमी विद्यार्थी दुखण्यापेक्षा परवानगीवर जास्त अडकतात. केंद्रावरचा वरिष्ठ पर्यवेक्षक कितीही भला असला तरी हातात कागद नसेल तर तो आयत्या वेळी लेखनिक बसू देत नाही, कारण उद्या चौकशी झाली तर उत्तर त्याला द्यावं लागतं.

इथे एक घोळ आधीच सोडवून घ्या. लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, ही केंद्र सरकारची २०१८ ची मार्गदर्शक सूचना ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी निघाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात, लिहिण्यात अडचण असलेल्याला ४० टक्क्यांच्या अटीवर अडवता येणार नाही, असं म्हटलं आणि त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांखालच्यांसाठी वेगळी सूचना निघाली. पण दोन्हींचा विषय दिव्यांगत्व हा आहे. सहा आठवड्यांत सुटणारं प्लास्टर त्यात आपोआप बसत नाही. तेव्हा अर्जात या सूचनांचा हवाला देऊन भांडत बसू नका. विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षा नियमांत अपघातग्रस्त विद्यार्थ्यासाठी काय सोय आहे ते महाविद्यालयाच्या परीक्षा अधिकाऱ्याला विचारा आणि त्याच नियमाखाली मागणी करा. विद्यापीठागणिक तपशील बदलतो. कुठे प्राचार्यांची मंजुरी पुरते, कुठे विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडून पत्र आणावं लागतं. जादा वेळ मिळेलच असंही धरून चालू नका, तो वेगळा मागावा लागतो.

डॉक्टरांचा दाखला शक्यतो सरकारी रुग्णालयातला घ्या: सिव्हिल हॉस्पिटल, ग्रामीण रुग्णालय किंवा महापालिकेचं. खासगी डॉक्टरांकडे प्लास्टर घातलं असलं तरी एक्स-रे आणि कागद घेऊन सरकारी ओपीडीत केसपेपर काढा. सकाळी ओपीडी सुरू होण्याच्या वेळी पोचलात तर त्याच दिवशी काम होतं, अकरा वाजता गेलात तर दुसरा दिवस. आणि दाखल्यावर काय लिहिलंय ते काउंटर सोडण्याआधी वाचा. त्यात पाच गोष्टी हव्यात: कोणत्या बाजूचा कोणता अवयव, तो तुमचा लिहिता हात आहे हे, दुखापतीची तारीख, प्लास्टर कधीपर्यंत राहील, आणि ‘स्वहस्ते लेखन करण्यास असमर्थ’ हे शब्द. खाली सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. ‘तीन आठवडे पूर्ण विश्रांतीचा सल्ला’ एवढंच लिहिलेला दाखला कामाचा नाही, उलट नडतो. विश्रांती सांगितली आहे तर परीक्षेला कसे आलात, असा प्रश्न परीक्षा विभाग विचारू शकतो.

अर्ज लांबलचक नको. असा चालतो:

प्रति,
मा. प्राचार्य / वरिष्ठ पर्यवेक्षक, परीक्षा केंद्र क्र. …
विषय: अपघातामुळे लेखनिक, वाढीव वेळ व तळमजल्यावर बैठक मिळणेबाबत.
महोदय / महोदया,
मी … या वर्गाची विद्यार्थिनी असून माझा बैठक क्रमांक … आहे. दि. … रोजी झालेल्या अपघातात माझ्या उजव्या मनगटाचे हाड मोडले असून दि. … पर्यंत प्लास्टर राहणार आहे. सोबत वैद्यकीय दाखला जोडला आहे. दि. … ते दि. … या कालावधीतील पुढील पेपरसाठी लेखनिक, प्रति तास २० मिनिटे वाढीव वेळ व तळमजल्यावर बैठक व्यवस्था मिळावी, ही विनंती. लेखनिकाचे ओळखपत्र, छायाचित्र व बोनाफाईड सोबत जोडले आहे.

खाली पेपरची यादी द्या: तारीख, वेळ, विषय, विषयाचा कोड. दोन प्रती काढा. एक कार्यालयात इनवर्ड करायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती स्वतःकडे ठेवायची. ‘ठेवा इथे, सांगतो नंतर’ असं म्हणून ठेवलेला अर्ज टेबलाच्या ढिगात जातो. मंजुरी आली की तिच्या तीन झेरॉक्स काढा आणि प्रत्येक पेपरला एक न्या, कारण रोजचा पर्यवेक्षक वेगळा असतो.

एका दिवशी दोन पेपर असतील, विशेषतः बॅकलॉगचा एक आणि चालू सत्राचा एक, तर वेळेचा हिशेब अर्जातच मांडा. सकाळी १० ते १ असा तीन तासांचा पेपर तासाला २० मिनिटांनी २ वाजता संपतो. दुसरा दोनलाच सुरू होत असेल तर मधली सुट्टी शून्य. ही अडचण अर्जात लिहून दिली तर केंद्रप्रमुख विद्यापीठाला विचारू शकतात. दोन वाजता वर्गात उभं राहून सांगितली तर कोणालाच काही करता येत नाही.

लेखनिक कसा निवडायचा, त्याला कसं सांगायचं

सर्वसाधारण पद्धत अशी की लेखनिक तुमच्यापेक्षा खालच्या वर्गातला आणि तुमचा विषय नसलेला हवा. टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) विद्यार्थ्याला एफवायचा (पहिल्या वर्षाचा) किंवा बारावीचा चालतो, वर्गमित्र चालत नाही. सर्वांत मोठी अडचण वेळापत्रकाची असते. तुमची परीक्षा असते तेव्हा त्याच कॉलेजच्या खालच्या वर्गाचीही असते. मार्च-एप्रिलच्या सत्रात बारावीची बोर्ड परीक्षा संपलेली मुलं मोकळी असतात, पहिला फोन तिकडे करा. नोव्हेंबर-डिसेंबरात मात्र शोध अवघड जातो, तेव्हा दुसऱ्या शाखेतला एफवायचा विद्यार्थी बघा. एक लेखनिक मंजूर करून घ्या आणि शक्य असेल तर दुसऱ्याचीही कागदपत्रं जोडून ठेवा. तापाने झोपलेला लेखनिक सकाळी नऊला कळवतो.

माणूस निवडताना अक्षर बघू नका, वेग आणि कान बघा. त्याला दहा मिनिटं मजकूर सांगून लिहायला लावा. पेपर मराठीतून असेल तर जोडाक्षरं अडतात का ते कळतं, इंग्रजीतून असेल तर स्पेलिंग. तुमच्या विषयातल्या पंचवीस-तीस पारिभाषिक शब्दांची उजळणी त्याच्याकडून आदल्या दिवशी करून घ्या. फक्त शब्द कसे लिहायचे एवढंच शिकवा, विषय नाही.

सांगण्याचा सराव तुम्हालाही लागतो आणि बहुतेक जण तो करत नाहीत. मनात उत्तर तयार असतं, पण तोंडाने सांगताना वाक्य मधेच सोडून आपण नवं सुरू करतो आणि लेखनिक दोन्ही लिहून मोकळा होतो. सवय अशी लावा: आधी पूर्ण वाक्य मनात जुळवायचं, मग सात-आठ शब्दांचा एक तुकडा सांगायचा, लेखनिकाचं पेन थांबलं की पुढचा तुकडा. ‘पूर्णविराम’, ‘नवा परिच्छेद’, ‘अधोरेखित’, ‘मुद्दा दोन’ हे शब्द उच्चारायचे. आकडे अंक सुटे करून सांगायचे, ‘एकोणसाठ’ नाही, ‘पाच नऊ’. एकोणसाठ आणि एकोणसत्तर घाईत सारखेच ऐकू येतात. गणितात ‘कंस सुरू’ आणि ‘कंस बंद’ म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि अपूर्णांक सांगताना आधी ‘अपूर्णांक’ म्हणून मग ‘वर अमुक, खाली तमुक’. प्रत्येक उदाहरण संपलं की त्या पानावर नजर फिरवा. शेवटी सगळं एकदम तपासू म्हटलं तर वेळ उरत नाही.

आकृती सांगून काढून घेणं सगळ्यात वेळखाऊ. ‘मध्ये एक चौकोन, चार बोटं रुंद. त्याच्या उजव्या कडेच्या मधून आडवी रेघ’ अशी मापं देत सांगावं लागतं. दोन गुणांच्या आकृतीला दहा मिनिटं जाणार असतील तर ती सोडा आणि तोच मजकूर तक्त्यात द्या. पर्यवेक्षकाने परवानगी दिली आणि डावा हात मोकळा असेल तर साध्या आकृत्या, आलेखावरचे बिंदू तुम्ही स्वतः काढू शकता, तिथे अक्षराचा प्रश्न नसतो.

वेगळ्या खोलीत तुम्ही, लेखनिक आणि एक पर्यवेक्षक असता. हजेरीपटावर सही जमत नसेल तर मोकळ्या हाताचा अंगठा चालतो का ते सुरुवातीलाच विचारा. बारकोडचं स्टिकर तुमच्याच उत्तरपत्रिकेवर लागलंय ना, बैठक क्रमांक अंकी आणि अक्षरी बरोबर आहे ना, हे लेखनिकावर सोडू नका. आणि एक किरकोळ वाटणारी, पण निकालात ‘गैरहजर’ आणणारी गोष्ट: तुमची खोली बदलली तरी मूळ ब्लॉकच्या (आधी नेमलेल्या वर्गाच्या) हजेरीपटावर तुमचा क्रमांक तसाच असतो. तिथला पर्यवेक्षक बाक रिकामा बघून गैरहजेरी मांडतो. निघण्याआधी वरिष्ठ पर्यवेक्षकांना ‘मूळ ब्लॉकच्या अहवालात माझी नोंद झाली का’ एवढं विचारा.

स्वतः लिहिणार असाल तर

प्लास्टरमधून बोटं मोकळी असतील तर अडचण पकडीची असते. बारीक पेन घट्ट धरताना अंगठ्याच्या मुळाशी ताण येतो आणि मनगटाचं दुखणं तिथूनच चाळवतं. पेन जाड करा: जुन्या सायकलच्या ट्यूबचा पाच सेंटीमीटरचा तुकडा पेनावर चढवा, किंवा स्पंजाची पट्टी गुंडाळून दोन रबरबँड लावा. बॉलपेनला दाब लागतो, जेलपेनला कमी, म्हणून जेलपेन घ्या. शाई पुसली जाते का ते आधीच तपासा, कारण प्लास्टरची कड नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून घासत जाते. कडेला सुती रुमाल बांधला तर डाग पडत नाहीत आणि कागदही फाटत नाही. अशी तयार केलेली तीन पेनं न्या.

मोडलेला हात लिहिता नसेल तर लिहिणं सोपं, कागद धरणं अवघड. एका हाताने लिहिताना उत्तरपत्रिका गोल फिरते. प्लास्टरचा हात वजनासारखा वरच्या कोपऱ्यावर ठेवा, खाली फडताळात अंथरतात तसला रबरी जाळीचा तुकडा घ्या. तो आणि पारदर्शक पॅड चालेल का ते आधी विचारून ठेवा. पुरवणी बांधायला, दोऱ्याची गाठ मारायला दुसऱ्याचा हात लागतो, म्हणून पुरवण्या शेवटची घंटा होण्याआधी दहा मिनिटं बांधून घ्या. घंटा झाल्यावर पर्यवेक्षक सगळ्यांच्या उत्तरपत्रिका गोळा करत फिरत असतो.

आता १५ मिनिटांच्या चाचणीचा आकडा कामी येतो. समजा दुसऱ्या खेपेला १५ मिनिटांत १६० शब्द झाले. ७० गुणांचा, अडीच तासांचा पेपर आहे. प्रश्नपत्रिका वाचणं आणि विसावा यात अर्धा तास गेला तर उरले दोन तास, म्हणजे जेमतेम १२८० शब्द, गुणामागे १८. धडधाकट असताना तुम्ही पाच गुणांना पानभर लिहीत असाल, आज ९० शब्दांत उरकायचं. पाच मुद्दे, एक व्याख्या, एक छोटी आकृती. प्रस्तावना आणि ‘अशा प्रकारे’ने सुरू होणारा शेवट दोन्ही गाळा, त्यांना गुण नसतात. आधी कमी शब्दांत जास्त गुण देणारे प्रश्न घ्या: उदाहरणं, तक्ते, फरक सांगा, टिपा. दीर्घोत्तरी शेवटी, आणि तिथे हात थकला तर नुसते मुद्दे मांडून ठेवा. रिकाम्या पानापेक्षा सहा मुद्द्यांना काही ना काही मिळतं.

दर १५ मिनिटांनी पेन ठेवा आणि एक मिनिट हात खांद्याच्या वर उचलून बोटं उघडझाप करा. असं केल्याने सूज उतरते. ठणका सुरू झाल्यावर विसावा घेतला तर तो पाच मिनिटं मागतो, आधी घेतला तर एकच.

पाय मोडलेला असेल तर

तळमजल्याची बैठक मागा, पण तेवढ्याने काम संपत नाही. आदल्या दिवशी कोणाला तरी केंद्रावर पाठवा आणि तीन गोष्टी बघून यायला सांगा: फाटकापासून वर्गापर्यंत पायऱ्या किती आणि कठडा कोणत्या बाजूला, बाक कसा आहे, आणि कमोड कुठे आहे. बहुतेक कॉलेजांतली विद्यार्थ्यांची स्वच्छतागृहं भारतीय पद्धतीची असतात आणि प्लास्टरच्या पायाने उकिडवं बसता येत नाही. कमोड असलाच तर स्टाफरूमच्या शेजारी असतो, त्याची परवानगी आधीच तोंडी घेऊन ठेवा. कमोड नाहीच म्हणून सकाळपासून पाणी न पिण्याचा उपाय मुली हमखास करतात. त्याने डोकं दुखतं आणि गोळ्या पोटाला जास्त लागतात. घोट-घोट प्या आणि वर्गात जाण्याआधी जाऊन या.

बाकाची कड निवडताना दुखरा पाय वाटेच्या बाजूला येईल असं बसा: उजवा पाय असेल तर रांगेच्या उजव्या टोकाला. जोडलेल्या बाकांच्या फटीत प्लास्टरचा पाय जात नाही. पाय खाली सोडून तास-दीड तास बसलं की बोटं सुजून जांभळी पडतात, म्हणून समोर स्टूल आणि त्यावर घडी केलेला टॉवेल हवा. अर्जात ‘पाय ठेवण्यासाठी स्टूल’ हे शब्द घाला. नाहीतर शिपाई स्टूल शोधायला जातो तो पेपर अर्धा झाल्यावर येतो.

कुबड्या हा वेगळाच विषय आहे आणि परीक्षेशी त्यांचा थेट संबंध आहे. कुबडीचा वरचा दांडा काखेच्या दोन-तीन बोटं खाली राहायला हवा आणि भार तळहातावर यायला हवा. काखेवर लटकत चाललं की तिथली नस दबते, मनगट आणि बोटं बधिर होतात, आणि मग धड असलेला लिहिता हातही गेला. तळहातावरही नवख्याला पन्नास-साठ पावलांत लाली येते, मुठींना स्पंज गुंडाळून घ्या. टोकांचे रबरी बूट झिजून गुळगुळीत झाले असतील तर मेडिकलमधून बदला, ओल्या फरशीवर ते निसरडे होतात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी वर, मग कुबड्या आणि दुखरा पाय. उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी खाली. वर्गात पेपरच्या २५ मिनिटं आधी बसा. कुबड्यांवरून आल्याआल्या पेन धरलं तर हात थरथरतो.

रिक्षात पाठमोरे बसा: आधी बूड टेकवा, मग मागे सरकत पाय आत ओढून सीटवर आडवा घ्या. म्हणजे पूर्ण सीट लागते, शेअर रिक्षाचा विचार सोडा. दुचाकीवर मागे बसून जाऊ नका. लोंबकळणारा पाय कशाला तरी आपटतोच.

गोळ्या

परीक्षेच्या दिवशी कोणतीही नवी गोळी पहिल्यांदा घेऊ नका. ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्यांनी झापड येते, मळमळतं. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनीही सुस्ती येते. डॉक्टरांना सरळ सांगा, ‘अडीच तास जागं राहून लिहायचं आहे’, आणि जे देतील ते आदल्या दिवशी पेपरच्या वेळेला घेऊन बघा.

साधी पॅरासिटामॉल ६५० घेत असाल तर असर अर्ध्या ते एका तासात सुरू होतो आणि चार ते सहा तास टिकतो. ११ च्या पेपरला सव्वादहाला नाश्ता करून गोळी. दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवा, २४ तासांत चारच्या वर नको. गफलत इथे होते: डॉक्टरांनी दिलेल्या दुखण्याच्या गोळीत बऱ्याचदा एसिक्लोफेनॅकबरोबर पॅरासिटामॉल आधीच असतं. वर वेगळी पॅरासिटामॉल घेतली की मात्रा नकळत वाढते. पाकिटाच्या मागची घटकांची ओळ वाचा. एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांपैकी काहीही रिकाम्या पोटी नको. दम्याचा किंवा पोटातल्या व्रणाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. पोहे, उपमा, भाकरी-भाजी, काहीही चालेल, चहा-बिस्किटांवर भागवू नका.

वर्गात गोळ्या नेताना पाकीट आणि चिठ्ठी सोबत ठेवा आणि आत शिरतानाच दाखवा. प्लास्टरच्या आत, स्लिंगच्या घडीत काही लपवलंय का हे पर्यवेक्षक तपासणारच, राग मानू नका. पण प्लास्टरवर मित्रांनी केलेल्या सह्या, चित्रं, ‘गेट वेल सून’ वगैरे असेल तर आदल्या रात्री वर पांढरा मोजा किंवा बँडेज चढवा. त्यात कुणी गंमत म्हणून एखादं सूत्र लिहिलेलं असलं तर कॉपी केसचा कागद भरताना ते गंमत म्हणून धरलं जात नाही.

आदली रात्र आणि मधली सुट्टी

रात्री हात किंवा पाय दोन उशांवर, छातीच्या पातळीच्या वर ठेवून झोपा. ताजी मुरगळ असेल आणि प्लास्टर नसेल तर पहिले दोन-तीन दिवस बर्फ, रुमालात गुंडाळून १५ मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. थेट कातडीवर बर्फ नको. प्लास्टरच्या आत खाज सुटली म्हणून फूटपट्टी किंवा विणकामाची सुई घालू नका, कातडी सोलली तर आत चिघळते. हेअरड्रायरची थंड हवा द्या. नुकतंच घातलेलं पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात, तोवर बाकाच्या कडेवर त्याचा भार टाकला तर ते आत चेपतं. पावसाळ्यात प्लास्टरला प्लास्टिकची पिशवी बांधाल ती वर्गात पोचल्यावर काढा, आत घाम साचून प्लास्टर मऊ पडतं.

कपडे पुढून उघडणारे. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर असेल तर अर्ध्या बाहीच्या शर्टची बाही उसवून घ्या. पायाला असेल तर ट्रॅकपँटची बाजूची शिवण गुडघ्यापर्यंत उसवा. पाण्याच्या बाटलीचं झाकण घरूनच सैल करून न्या. पेपरात तहान लागल्यावर एका हाताने ते उघडत नाही आणि बाटली उत्तरपत्रिकेवर कलंडते.

दोन पेपरांच्या मधल्या वेळेत चर्चा करायला कट्ट्यावर जाऊ नका. आडवे व्हा, दुखरा अवयव उंच ठेवा, खा, सहा तास झाले असतील तर गोळी घ्या. सहा तास झाले नसतील तर नुसता आराम. १० ते १ आणि ३ ते साडेपाच असे पेपर असतील तर पहिली गोळी साडेआठला घ्या, म्हणजे दुसरी अडीचला घेता येते.

सकाळीच अपघात झाला तर

केंद्रावर जाताना गाडी घसरली, मनगट सुजलं, तर क्रम असा: रक्त येत असेल, हाड वाकडं दिसत असेल किंवा डोकं आपटलं असेल तर रुग्णालय. नसेल तर हात फूटपट्टीवर किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर ओढणीने बांधून गळ्यात अडकवा आणि महाविद्यालयाच्या परीक्षा अधिकाऱ्याला फोन करा. पेपर सुरू होऊन साधारण अर्धा तास झाला की केंद्रावर आत घेत नाहीत, म्हणून फोन वाटेतूनच व्हायला हवा. आयत्या वेळी लेखनिक देता येतो का हे वरिष्ठ पर्यवेक्षक विद्यापीठाला विचारून ठरवतात. पेपर संपल्यावर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन केसपेपर काढा, दुसऱ्या दिवशीच्या तारखेचा कागद पुढे वादात पडतो. जाणं अशक्य झालं तरी केसपेपर आणि अर्ज त्याच आठवड्यात महाविद्यालयात इनवर्ड करा. अंतर्गत परीक्षेची फेरपरीक्षा त्यावर मिळू शकते. विद्यापीठाच्या लेखी पेपरला मात्र बहुधा पुढच्या सत्राची वाट बघावी लागते.

पेपर सोडून उठायचं कधी

प्लास्टरच्या आतलं दुखणं हात उंच ठेवून, गोळी घेऊनही वाढतच चाललं, बोटं सरळ करताना सहन न होणारी कळ आली, बोटं बधिर, थंड, पांढरी किंवा निळी पडली, तर उत्तरपत्रिका देऊन उठा. आत दाब वाढून रक्तपुरवठा अडत असेल तर काही तासांत स्नायू कायमचा जातो. पर्यवेक्षकाला सांगा, ‘प्लास्टर घट्ट झालंय, कॅज्युअल्टीला जायचंय’, आणि तो प्रकार वेळेसह अहवालात नोंदवून घ्या. तिथे पोचल्यावर रांगेत बसू नका, खिडकीवर हेच वाक्य पुन्हा सांगा. प्लास्टर तिथल्या तिथे चिरून सैल करतात.